दिलेलं आणि देणं

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात तिसरा आला. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. महाराष्ट्राच्या खेळाडूनं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं ते १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर थेट बहात्तर वर्षांनी. त्याच दिवशी राज्य सरकारनं एक कोटी रुपये जाहीर केले. स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, रेल्वेनं त्याला बढती दिली. पुढं राज्याची रक्कम दोन कोटींवर गेली, आणि अर्जुन पुरस्कार मिळण्याआधीच त्याच्या कुटुंबानं उघडपणे सांगितलं की इतर राज्यं देतात त्या मानानं ही रक्कम कमी आहे.

अशी मागणी कानावर आली की आपल्याकडं दोन सूर लगेच निघतात. एक म्हणतो, बक्षीस मिळालं ते आनंदानं घ्यावं, त्यात घासाघीस करू नये. दुसरा म्हणतो, ज्या घरानं कर्ज काढून पोराच्या बंदुकीच्या गोळ्या आणल्या, त्यानं तोंड उघडलं तर बिघडलं काय? मला दुसरा सूर जवळचा वाटतो. पण पहिला सूर उमटतो तो लोक दुष्ट आहेत म्हणून नव्हे. बक्षीस, इनाम, पारितोषिक, मानधन या शब्दांतच देणाऱ्याची खुशी गृहीत धरलेली आहे, आणि खुशीपुढं हिशेब मांडणं आपल्याला अवघड जातं. म्हणून हे शब्द कुठून आले, त्यांनी आपल्या मुलखात काय काय केलं, याचा एकदा नीट आढावा घ्यायला हवा.

सुरुवात इंग्रजीपासून करतो, कारण आज आपल्या बोलण्यात रिवॉर्ड आणि अवॉर्ड हेच शब्द सर्वांत जास्त आहेत. मोबाइलवर पैसे पाठवले की रिवॉर्ड, शाळेच्या गॅदरिंगमध्ये अवॉर्ड. रिवॉर्ड हा शब्द इंग्रजीत आला नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून. उत्तर फ्रान्सच्या बोलीत काही शब्दांत ‘व’ टिकला, मध्य फ्रान्समध्ये त्याच जागी ‘ग’ आला. इंग्रजीनं दोन्ही बोलींतून उसनवारी केली, म्हणून तिथं वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या सापडतात. रिवॉर्ड आणि रिगार्ड ही तशीच एक जोडी. मूळ अर्थ पाहणं, दखल घेणं. धन्याची नजर चाकरावर पडली, त्याचं काम त्याच्या डोळ्यांत भरलं, मग काहीतरी हातावर ठेवलं गेलं. आरंभी या शब्दाला चांगल्याचं बंधन नव्हतं, वाईट कृत्याचं फळ म्हणजे शिक्षासुद्धा त्यात मोडत असे. आपण मेहेरनजर म्हणतो, कृपादृष्टी म्हणतो, ती हीच कल्पना.

अवॉर्ड त्याच कुळातला, पण त्याची वाट वेगळी. त्यातलं पाहणं न्यायाधीशाचं होतं. दोन्ही बाजू तपासून दिलेला निर्णय म्हणजे अवॉर्ड. कायद्यानं तो अर्थ आजवर सोडलेला नाही. लवादाचा निर्णय अवॉर्डच असतो, आणि राधानगरी तालुक्याला या अर्थाचा अवॉर्ड अर्जुन पुरस्काराच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. त्याकडं पुढं येतो.

प्राइझचं मूळ लॅटिनमधल्या किमतीच्या शब्दात आहे. प्राइस, प्राइझ आणि प्रेझ, म्हणजे किंमत, बक्षीस आणि स्तुती, ही तिन्ही एकाच घरची भावंडं. मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो इंग्रजीत आता जवळजवळ मेलेला मीड हा शब्द. बक्षीस, मोबदला असाच त्याचा अर्थ. ग्रीकमध्ये त्याचा नातलग मजुरी या अर्थानं आहे, अवेस्तात आहे, आणि ऋग्वेदाच्या भाषेत मीढ म्हणून आहे, अर्थ स्पर्धा आणि स्पर्धेत जिंकलेलं धन. फारसीत त्याचं मुज़्द झालं. मुज़्द मिळवणारा तो मुज़्दूर, आणि मुज़्दूरचा आपला मजूर. म्हणजे ज्याला आपण समाजाच्या तळाशी ढकललं, त्याच्या नावातच हजारो वर्षांपूर्वीचं बक्षीस आहे. घाम गाळून मिळणारं आणि शर्यत जिंकून मिळणारं, हे दोन्ही त्या जुन्या भाषांना एकाच शब्दात सांगता येत होतं.

आता आपले शब्द. बक्षीस फारसीतून आलं, बख्शणं म्हणजे देणं आणि माफ करणंही. पण त्याहून मागं गेलं की हे मूळ संस्कृतातल्या भज् धातूच्या जवळ जातं, आणि भज् म्हणजे वाटून देणं. भाग, भाग्य, भक्त ही त्याचीच प्रजा. भक्त या शब्दाचा एक जुना अर्थ वाट्याला आलेलं अन्न, आणि त्यातूनच आपला भात आला. राधानगरीच्या खोऱ्यात, जिथं पावसाळाभर भाताची शेतं डोळ्यांत भरतात, तिथं हे नातं सांगायला मला आनंद होतो. बक्षीस मुळात वाटा होतं. मेहेरबानीचा रंग त्याला दरबारांत चढला.

इनाम अरबी आहे, कृपा किंवा वरदान या अर्थाच्या मुळातून आलेलं. नेमत त्याच मुळातली. इथं वाट्याचा मागमूस नाही, सगळा भर देणाऱ्याच्या औदार्यावर. पारितोषिक संस्कृत, परितोषातून आलेलं, आणि इथंही तोष देणाऱ्याचाच. गाणाऱ्याला, कीर्तनकाराला निरोप देताना द्यायची ती बिदागी. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख म्हणजे सर-ओ-पा, त्याचा मराठीत शिरपाव झाला. पुरस्कार या सर्वांत निराळा, कारण त्याचा अर्थ पुढं करणं, पुढं ठेवणं. पुरोहित याच घडणीचा शब्द. एखाद्या मताचा पुरस्कार करणं असं आपण अजून म्हणतो, तेव्हा त्यात पैशाचा काही संबंध नसतो, माणसाला किंवा विचाराला चारचौघांत पुढं आणायचं असतं. पुरस्काराच्या रकमेवरून त्याची थोरवी मोजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि मोबदला. अरबीत अदलाबदल या अर्थाचा शब्द, बदल ज्या मुळातून आला त्याच मुळातला. एकानं दिलं, दुसऱ्यानं परत केलं. इथं कुणी कुणाकडं वरून पाहत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हा फरक कागदावर उतरतो. खरेदीखतात मोबदल्याची रक्कम लिहावी लागते, बक्षीसपत्रात विनामोबदला असं लिहावं लागतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं बक्षिसाची व्याख्याच अशी केली आहे: आपखुशीनं आणि मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण. राधानगरीचा शेतकरी मुलीच्या नावावर दोन गुंठे करतो तेव्हा तो या व्याख्येतच असतो, आणि तिथं ती शोभते.

जिथं ती शोभत नव्हती, तिथंही ती कित्येक शतकं चालली. तो इतिहास जमिनीच्या इनामाचा आहे.

राधानगरीच्या शेजारी गगनबावडा. तिथली जहागीर पुढं ज्या घराण्याकडं चालली, त्या घराण्याचे रामचंद्रपंत अमात्य. १७१५ च्या सुमाराला, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, त्यांचं आज्ञापत्र तयार झालं. त्यात वृत्ती आणि वतनं यांवर स्वतंत्र विवेचन आहे, आणि त्याचा रोख स्पष्ट आहे: वतनदार हे राज्याचे भागीदार होऊन बसतात, सेवकानं मोठी कामगिरी केली तर त्याला धन द्यावं, मान द्यावा, बढती द्यावी, पण वंशपरंपरेची जमीन-वृत्ती तोडून देऊ नये, कारण एकदा दिलेली वृत्ती राज्यातून कायमची वजा होते. अमात्यांनी हे दुरून पाहून लिहिलेलं नव्हतं. १६८९ नंतर मोगलांशी झुंजताना राजाराम महाराजांच्या काळात माणसं टिकवण्यासाठी वतनांची आणि सरंजामांची आश्वासनं सढळ हातानं द्यावी लागली होती, आणि त्या धामधुमीत राज्य सांभाळणाऱ्यांत अमात्य स्वतः होते. बक्षीस कसं फुगतं आणि देणाऱ्यालाच कसं पोखरतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

इंग्रजांनी आपल्या खालसा मुलखात दुसरं टोक गाठलं. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले आणि सनदा तपासायला सुरुवात झाली. कागद दाखवा नाहीतर इनाम गेलं. पूर्वीच्या राजाची खुशी आता पुराव्यानिशी सिद्ध करायची होती, आणि ज्यांच्या घरचे कागद वाळवीनं खाल्ले होते त्यांची इनामं सारापात्र झाली. दख्खनमध्ये या कमिशननं पेरलेला असंतोष मोठा होता. पण वरच्या इनामदारांच्या या रडकथेत एक गोष्ट झाकून जाते, ती अशी की इनामाचं सर्वांत जड जोखड इनामदारांच्या मानेवर नव्हतंच.

ते महारवतनात होतं. गावकामाच्या बदल्यात महार समाजाला सामायिक जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. कागदावर ही जमीन इनाम, म्हणजे कृपा. प्रत्यक्षात सरकारी टपाल आणि खजिना पोहोचवणं, सांगावे नेणं, अंमलदाराची सरबराई, लाकूडफाटा, मेलेली जनावरं ओढणं, दिवस असो की रात्र. घरचा कर्ता आजारी असला तर मुलानं जायचं, मूल लहान असलं तर बाईनं जायचं. पिढीगणिक वाटण्या होऊन जमीन चिंधीएवढी झाली, कामं मात्र कमी झाली नाहीत. मजुरीचा दर ठरलेला असतो, काम संपलं की माणूस मोकळा होतो. इनामाला दर नसतो, म्हणून त्याची फेडही कधी पुरी होत नाही. कृपा परत करता येत नाही. या एका वाक्यात वतनाची सगळी गुलामी मावते, असं मला वाटतं.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं. १९१८ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात महारवतनं रद्द करून त्या जमिनी धारण करणाऱ्यांच्या नावे रयतावा केल्या. म्हणजे सारा भरा आणि शेतकरी म्हणून जमीन कसा, तिच्या बदल्यात कुणाची वेठ नको. त्याच वर्षी कुलकर्णी वतनं गेली आणि पगारी तलाठी आले. शाहूंची आठवण काढताना आपण बहुधा १९०२ च्या आरक्षणापाशी थांबतो. मला १९१८ चा निर्णय तितकाच मोठा वाटतो. त्यानं माणसाच्या हातातलं इनाम काढून घेतलं आणि त्या जागी मालकी दिली, वेतन दिलं. वरवर पाहता बक्षीस हिरावलं. खरं तर बक्षिसाच्या नावाखालची वेठ सोडवली.

खालसा मुलखात हेच व्हायला चाळीस वर्षं जावी लागली. १९२० च्या मार्चमध्ये संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत शाहूंनी ज्यांचं नेतृत्व जाहीरपणे उचलून धरलं, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. कुणी काम करायचं, किती करायचं आणि त्याचं वेतन किती, हे निश्चित करा, आणि ज्याला वतनातून मोकळं व्हायचं आहे त्याला जमीन ठेवून मोकळं होऊ द्या, असा त्याचा गाभा. सरकारनं साथ दिली नाही आणि पुढच्या वर्षी ते मागं घ्यावं लागलं. शेवटी १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव-वतनं संपली. त्याआधी १९५२ च्या कायद्यानं जातइनामं गेली होती.

संपली असं म्हटलं तरी सातबाऱ्यावर ती अजून दिसतात. तलाठ्याच्या कचेरीत इनाम वर्ग सहा ब म्हटलं की महारवतनाची जमीन, वर्ग तीन म्हटलं की देवस्थानची. वतनाची जमीन परत दिली ती नव्या शर्तीनं, परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी, आणि परवानगी हवी तर सरकारात नजराणा भरायचा. हा नजराणा नजरेतून आला असं वाटतं, पण तो आला नवस किंवा अर्पण या अर्थाच्या दुसऱ्या अरबी शब्दातून. शर्तीमागचा हेतू चांगला होता, गरिबाची जमीन कुणी लाटू नये. तरी ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्या तुकड्यासाठी वेठ केली, त्यांनीच पुन्हा अर्पण वाहून परवानगी मागायची, हे मला पटत नाही. देवस्थान इनामांचा प्रश्न तर उघडाच आहे. कोल्हापुरात कचेरी असलेल्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं तीन हजारांहून जास्त मंदिरं आहेत, त्यांच्या जमिनी गावोगाव पसरलेल्या आहेत, आणि त्या कसणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या मालकीशिवाय कसत आहेत.

हा सगळा इतिहास ऐकून इनाम हा शब्दच वाईट वाटू लागेल. तसं होऊ नये, कारण कोल्हापूरच्या मातीत त्याचा एक निर्मळ अर्थ जिवंत आहे. जत्रेचं कुस्ती मैदान सुरू होतं ते रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट लावून उतरतात, जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात, मग नारळावरच्या कुस्त्या, मग रुपये, चढत चढत शेवटची मोठी जोड. हलगी कडाडत असते. इनाम किती हे आधी पुकारलेलं असतं, निकाल हजारोंच्या डोळ्यांदेखत लागतो, आणि गावानं वर्गणी काढून ते उभं केलेलं असतं. इथं देणाऱ्याची लहर नाही, जिंकणाऱ्याला लाचारी नाही. शाहूंनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारलं, मल्लांना खुराक दिला, तालमी जगवल्या, आणि निकाल मातीवर सोडला. दरबारी इनाम आणि मैदानातलं इनाम यांत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरी मल्लांच्याही वाट्याला न्याय आला असं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. गावाकडं बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते कर्ज फेडलं. हे वाक्य मी जेवढ्या वेळा वाचतो तेवढ्या वेळा थांबतो. देशासाठी पदक आणणारा माणूस आपल्याच पदकाचं देणं मातीत उतरून फेडतो. पुढं पोलीस खात्यात नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार आला तो दीड दशकाहून अधिक काळ उलटल्यावर. पद्म पुरस्कार आजही नाही. स्वप्नीलच्या घरच्यांनी रकमेबद्दल बोलावं की नाही असं विचारणाऱ्यांनी खाशाबांचं काय झालं ते आधी आठवावं. न मागणाऱ्याला आपण काय दिलं, ते तिथं लिहिलेलं आहे.

आता तो दुसरा अवॉर्ड. राधानगरी हे नावच शाहूंनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या नावावरून दिलेलं, आणि त्या गावाची ओळख धरणाची. भोगावती नदीवर १९०८-०९ च्या सुमाराला सुरू झालेलं हे काम मध्ये पैशाअभावी थांबलं आणि संस्थान विलीन झाल्यावर १९५० च्या दशकात पुरं झालं. सात स्वयंचलित दरवाजांचं हे धरण आज सव्वाआठ टीएमसीच्या वर पाणी साठवतं. पुढं याच तालुक्यात दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण झालं. पाणी कुणाचं किती, हे बच्छावत लवादानं ठरवलं, कृष्णेच्या पाण्यापैकी ५६० टीएमसी महाराष्ट्राला. तो निवाडा म्हणजे एक अवॉर्ड. आणि धरणाखाली ज्यांची घरं-शेतं गेली, त्यांच्या दारात आला तो भूसंपादनाचा अवॉर्ड.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या अकराव्या कलमात जमिनीची किंमत ठरवणाऱ्या निर्णयाला अवॉर्ड म्हटलं होतं. मराठी कागदांत निवाडा. गावात मात्र म्हातारी माणसंही ‘आमचा अवॉर्ड अमक्या साली झाला’ असंच म्हणतात. शहरात ज्या शब्दावर टाळ्या पडतात, त्या शब्दानं या खोऱ्यात घर सोडायची तारीख सांगितली. त्या रकमेत एक दिलासा रक्कम असे, इंग्रजीत सोलेशियम. जमीन तुम्ही विकायला काढली नव्हती, जबरीनं घेतली, म्हणून बाजारभावावर आणखी काही टक्के. ही रक्कम आधी १५ टक्के होती, १९८४ च्या दुरुस्तीनं ३० झाली, २०१३ च्या कायद्यानं १०० झाली. जबरीची किंमत किती, याबद्दल सरकारचं मत शंभर वर्षांत किती बदललं, ते या तीन आकड्यांत दिसतं.

पण सगळ्यांत बोलका आहे तो पैसे घेण्याचा नियम. जुन्या कायद्याप्रमाणे निवाड्याची रक्कम हरकत नोंदवून घेतली तरच वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येई. मुकाट्यानं घेतली, की दावा संपला. सही करताना हरकतीचे दोन शब्द लिहायचे राहून गेले, तर पुढच्या पिढीचा हक्क जाऊ शकत होता. साहेबासमोर उभं राहून, पैसे हातात घेताना हे कमी आहेत असं म्हणायचं, हे ज्या समाजाला शतकानुशतकं उद्धटपणा म्हणून शिकवलं, त्याच समाजाकडून कायदा नेमकी तीच अपेक्षा करत होता. धरणग्रस्तांच्या संघटनांनी गावोगाव काय केलं असेल तर हे: मोबदला ही मेहेरबानी नाही, हे माणसांना शिकवलं. जमिनीला जमीन हे तत्त्व महाराष्ट्रानं १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात आणलं, १९८६ आणि १९९९ मध्ये ते नव्यानं मांडलं, लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून स्लॅबप्रमाणे जमीन काढून ती विस्थापितांना द्यायची. त्या कायद्यांमागं चळवळीचा रेटा होता. अंमलबजावणी कशी झाली हे पुनर्वसित वसाहतींत जाऊन पाहिलेलं बरं.

पगाराच्या जगातही असाच प्रवास झाला, तो थोडक्यात सांगतो. पगार हा शब्द पोर्तुगीज, देणं चुकतं करणं या अर्थाचा, त्यात कृपा नाही. बोनस लॅटिन, अर्थ फक्त चांगलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी बोनस द्यायला सुरुवात केली, १९२३ साठी तो नाकारला, आणि १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीनं सांगितलं की कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क नाही. म्हणजे ते बक्षीस, मालकाची खुशी. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणानं गिरण्यांच्याच दाव्यात बोनसचं सूत्र ठरवलं, आणि १९६५ च्या कायद्यानं किमान बोनस हा हक्क झाला, आज तो ८.३३ टक्के, वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. राधानगरीत दिवाळीला गोकुळकडून दुधाचे जादा पैसे येतात, त्याला बरेच जण बोनस म्हणतात. संघाच्या कागदावर त्याचं नाव दूध दर फरक आहे, आणि तेच नाव बरोबर आहे. ते आपल्याच दुधाचे, आधी न दिलेले पैसे आहेत.

ग्रॅच्युइटीचं तसंच. शब्दाचा अर्थ कृतज्ञतेनं दिलेलं, इंग्रजीत हॉटेलातल्या टिपलाही तोच शब्द. १९७२ च्या कायद्यानं तिला हिशेब दिला, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. नाव कृपेचं राहिलं, पण वसुली कायद्यानं होऊ लागली.

अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनिसांना मात्र तिथवर पोहोचायला आणखी पन्नास वर्षं लागली. अंगणवाडीची योजना १९७५ मध्ये सुरू झाली, आणि पहिल्या दिवसापासून त्यांना जे मिळतं त्याला मानधन म्हटलं गेलं, त्या स्वयंसेवक आहेत असं मानून. आशा, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविका, यांच्या पैशाला कामावर आधारित मोबदला म्हणतात, एका नोंदीचे इतके, एका बाळंतपणाचे तितके. राधानगरीच्या पश्चिमेच्या वाड्यावस्त्या डोंगरात विखुरलेल्या, पाऊस मुसळधार, दाजीपूरच्या जंगलातून गवे शेतात उतरतात. अशा मुलखात गरोदर बाईचं वजन, बाळाचं लसीकरण, पोषण आहार, मतदार याद्यांची आणि सर्वेक्षणाची कामं या बायका करतात. काम रोजचं, नोंदवही रोजची, वरिष्ठांचा जाब रोजचा. मानधन हा शब्द आपण अध्यक्षीय भाषणाला आलेल्या पाहुण्याला वापरतो. तो इथं लावणं हा अन्याय आहे, आणि हा अन्याय शब्दापुरता नाही.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या प्रकरणात निर्णय दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, आणि त्यांना मिळणारी रक्कम त्या कायद्यापुरती वेतनच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी कर्मचारी बेमुदत संपावर गेल्या तेव्हा ग्रॅच्युइटीची अंमलबजावणी, निवृत्तिवेतन आणि मानधनवाढ या त्यांच्या मागण्या होत्या. शासन आदेशांत अजून मानधन हाच शब्द आहे. तो आधी बदलायला हवा. वेतन म्हटलं की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा, निवृत्तिवेतन हे प्रश्न कायद्याच्या कक्षेत येतात. मानधन म्हटलं की तेच प्रश्न अर्थसंकल्पाच्या आधी मुंबईला मोर्चा नेऊन, पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागतात.